मधुमतीचं थायरॉइड

मधुमतीला थायरॉइड नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सौदीतल्या अल-खोबरमधल्या तीस-पस्तीस मराठी घरांत मात्र तिला थायरॉइड आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते ठाऊक करून दिलं होतं तिच्या नवऱ्यानं, रत्नाकरनं. मधुमतीला जे होतं त्याला वेगळं नाव होतं, त्यावर औषध होतं, ते देणारी डॉक्टरही होती. फक्त ते चारचौघांत सांगण्याजोगं नाही असं रत्नाकरचं मत होतं, आणि त्या घरात मत एकाचंच चालायचं.

तिला माणसांची भीती वाटायची. पाल, अंधार, चोर यांचं तिला काही नव्हतं. एकदा स्वयंपाकघरात निघालेला विंचू तिनं चिमट्यानं उचलून बाटलीत भरला होता. पण फोन वाजला की हातपाय गळायचे. दुकानदाराकडे एखादी वस्तू मागायची तर ते वाक्य मनात चार वेळा घोकायचं आणि पाचव्या वेळी न मागताच परत यायचं. पाहुण्यांना वाढताना हात असा कापायचा की वरण ताटाबाहेर. आणि पाहुणे गेल्यावर रात्रभर उजळणी, की आपण काय बोललो, कसे दिसलो, ती बाई हसली ती कशाला हसली. हे असं वयाच्या बाराव्या वर्षापासून चाललं होतं.

गंमत बघा, या दुखण्याचं तिला आयुष्यभर कौतुकच ऐकायला मिळालं. नाशिकला रत्नाकरकडची मंडळी बघायला आली तेव्हा तिच्या तोंडून एका प्रश्नाचं उत्तर फुटेना. आत तिची आई रडायच्या बेतात, आणि बाहेर रत्नाकरच्या आईनं पसंती सांगून टाकली. 'मुलगी शालीन आहे हो, वर मान करून बघितलं नाही.' घाबरून जीभ टाळ्याला चिकटलेली, आणि त्याला नाव शालीनता. एखाद्या पुरुषाचं असं झालं असतं तर घरच्यांनी दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. बाईचं झालं की ते वळण.

मग लग्न, आणि वर्षभरात खोबर. तेलाचा भाव चढत होता, रास तनुराच्या बाजूला रोज नवी कामं निघत होती, आणि रत्नाकर पहाटे जायचा तो दिवेलागणीला यायचा. इथं बाईनं गाडी चालवायची नाही, एकटीदुकटीनं फार हिंडायचं नाही, बँकेत-सरकारात तिच्या वतीनं नवरा बोलणार. बाकीच्या बायका या गोष्टींच्या नावानं बोटं मोडायच्या. मधुमतीला मात्र हायसं वाटलं. तिला बाहेर जायला जमत नव्हतं, आणि आता कुणी विचारणारच नव्हतं. अबाया सगळ्याच घालायच्या, पण आपल्या बायकांना तोंड झाकायची सक्ती नव्हती. मधुमतीनं आपणहून झाकलं. मॉलमध्ये नुसते डोळे उघडे ठेवून ती रत्नाकरच्या मागे चालायची, आणि तो मित्रांना सांगायचा, 'आमची मधू कुठंही जुळवून घेते.' दहा वर्षं अशी गेली. कुणाला कळलं नाही, आणि खरं म्हणजे तिलाही कळलं नाही.

कळलं ते लेकीच्या शाळेत. लेक तेव्हा तिसरीत, घरात अर्धं इंग्रजी अर्धं हिंदी बोलणारी. वार्षिक समारंभात प्रत्येक वर्गातून एका आईला बक्षिसं द्यायला वर बोलवायचं ठरलं, आणि चिठ्ठीत नाव निघालं मधुमतीचं. ती मंचाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेली आणि तिथंच कोसळली. शुद्धीवर आली तेव्हा लेक म्हणाली, 'आई, एव्हरीबडी वॉज लुकिंग.' तिला त्याचंच भय होतं.

शाळेजवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टर नूरुन्निसा बसायच्या. दापोलीकडच्या. पन्नाशीची, जाड भिंगांची, बोलायला फटकळ बाई. त्यांनी रक्तदाब बघितला, साखर बघितली, मग रत्नाकरला बाहेर बसवलं आणि मधुमतीला इतके प्रश्न विचारले जितके तिला सबंध जन्मात कुणी विचारले नव्हते. फोन उचलतेस का? लोकांसमोर जेवतेस का? हात कापतो का? कधीपासून? मधुमती आधी मान हलवत होती, मग रडायला लागली, आणि मग एकदम बोलायलाच लागली.

'हा आजार हाय गो,' नूरुन्निसा म्हणाल्या. 'लाजाळूपणा नाय. तुझ्यासारख्या बाया मी इथं ढिगानं बघते, पण त्यांना कोण आणीत नाय माझ्याकडं. त्या घरात गप बसतात आणि घरच्यांना बरं वाटतं.'

त्यांनी गोळी लिहून दिली. पहिले आठ दिवस अर्धी, मग एक. पहिल्या दोन आठवड्यांत मळमळेल, झोप बिघडेल, घाबरायचं नाही. गुण यायला महिना-दीड महिना लागेल. मनानं बंद करायची नाही, बंद करायची झाली तर मला विचारून, हळूहळू. आणि सोबत एक गृहपाठ: आठवड्याला एक फोन. कुणालाही, पण स्वतः लावायचा.

'गोळीनं धीर येईल ना?' मधुमतीनं विचारलं.

'गोळी धीर देत नाय. आतला गलबला कमी करते. धीर तुझा तुलाच करायचा हाय.'

तसंच झालं. मळमळलं, झोप बिघडली, चौथ्या आठवड्यात तिला वाटलं की हे थोतांड आहे. आणि मग एका सकाळी धोब्याला फोन लावून तिनं सांगितलं की दोन चादरी कमी आल्यात, आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की वाक्य घोकायचं राहूनच गेलं. ती पलंगावर बसून एकटीच हसली. छातीत धडधडत होतं, पण धडधडतंय तर धडधडू दे असं तिला पहिल्यांदाच वाटलं. तोंडावरचा कपडा त्या महिन्यात सुटला.

तीन महिने असे गेले आणि विम्याचा फॉर्म रत्नाकरच्या हाती पडला. आजाराच्या रकान्यात नूरुन्निसाबाईंनी जे होतं ते स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. रत्नाकरची पाचावर धारण बसली. 'हा कागद आमच्या ऑफिसात जाणार. उद्या सगळ्या साइटवर होईल की याची बायको मेंटल आहे.' त्यानं तिचं क्लिनिकला जाणं बंद केलं. सुट्टीत नाशिकला गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी घेतली, आणि पुढं त्याचा धाकटा भाऊ मोहन तिथून गोळ्या पाठवू लागला. जो कुणी रजेवरून परत येईल त्याच्या बॅगेत, वर तपकिरी कागद, चिकटपट्टी, डॉक्टरची चिठ्ठी पाकिटात बंद. विचारलं कुणी तर थायरॉइड.

'आणि हे बघ मधू,' रत्नाकरनं बजावलं, 'ज्या दिवशी हे बाहेर फुटलं त्या दिवशी गोळ्या बंद. मी एक गोळी आणणार नाही.'

खरं तर त्याला गोळ्या नकोशा व्हायला आणखीही एक कारण होतं. बायको बोलायला लागली होती. तो मित्रांत काही तरी फुगवून सांगत असला की ती सहज म्हणायची, 'अहो, असं नव्हतं ते.' सासूबाई नाशिकहून फोनवर तास तास ऐकवायच्या. तिनं एकदा सांगितलं, 'आई, पोळ्या करायच्यात, उद्या बोलू,' आणि ठेवला. त्यावर रत्नाकर दोन दिवस घुश्शात होता. 'तुझा डोस जरा जास्तच होतोय,' असं तो म्हणाला. मुकी होती तेव्हा डोस किती असावा याची चौकशी त्यानं कधी केली नव्हती.

संक्रांतीनंतरच्या गुरुवारी हळदीकुंकू मधुमतीकडे होतं. म्हणजे तिनंच मागून घेतलं होतं, दहा वर्षांत पहिल्यांदा. एरवी ती दुसऱ्यांकडे जायची तीसुद्धा डोकं दुखतंय म्हणून अर्ध्यातून उठायला. नाव घ्यायची वेळ आली की ती न्हाणीघरात जाऊन कडी लावायची, आणि बायका म्हणायच्या, किती बाई लाजते. या वेळी तिनं तिळगूळ केला, लुटायला दोन रियालच्या दुकानातून डबे आणले, पडदे ओढले. चपला दाराबाहेर ठेवायच्या नाहीत, आत घ्यायच्या, हे सगळ्यांना सांगावं लागत नाही, कारण असे सणसमारंभ इथं उघडपणे चालत नाहीत. वीसएक बायका दिवाणखान्यात दाटीवाटीनं बसल्या. पुरुष मंडळी समुद्राकडे फिरायला गेली होती, एकटा रत्नाकर पाठ धरली म्हणून आत झोपलेला.

अनुराधाताई सगळ्यांत शेवटी आल्या. मंडळाच्या सगळ्या गोष्टी त्या ठरवायच्या. बाई मनानं चांगली, पण हुकूम सोडायची सवय. सोबत त्यांची आई, कृष्णाबाई, दोन महिन्यांसाठी आलेली. अनुराधाताईंचे यजमान कमलाकर आदल्याच दिवशी रजेवरून परतले होते, आणि मोहननं दिलेलं मधुमतीचं पुडकं त्यांनीच आणून पोचवलं होतं.

'मधू, तुझं काम आहे बाई,' अनुराधाताई बसता बसताच म्हणाल्या. 'आमच्या ह्यांनी तुझ्या गोळ्या आठवणीनं आणल्या, आणि माझ्या पुण्याला टेबलावर विसरून आले. थायरॉइडच्याच. परवापासून एकसुद्धा नाही माझ्याकडे. तुझ्याकडे सहा महिन्यांच्या आहेत, मला महिन्याच्या काढून दे.'

'इथं मिळतात की ताई, कोपऱ्यावरच्या फार्मसीत,' कोणीतरी म्हणालं.

'इथली गोळी मला उष्ण पडते. आपलीच हवी.' हे त्यांचं ठाम मत होतं. खोबरमध्ये पंधरा वर्षं काढून त्यांनी डोकेदुखीची गोळीसुद्धा इथली घेतली नव्हती. 'आत्ताच आण गं, नंतर विसरशील.'

मधुमती उठली आणि आत गेली. रत्नाकर पलंगावर उठून बसला होता. दार लोटलेलं, त्यानं सगळं ऐकलं होतं. पाठ धरलेला माणूस टुणकन उठला, कपाट उघडलं, आणि लेकीसाठी आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या पाकिटातून काढून कागदाच्या पुडीत टाकायला लागला.

'या दे,' तो दबक्या आवाजात म्हणाला. 'सांग की पाकीट फाटलं होतं म्हणून सुट्या ठेवल्यात.'

'अहो, ताई महिनाभर याच खातील. त्यांची गोळी चुकली की त्यांचे पाय सुजतात, माहीत आहे ना तुम्हाला?'

'कॅल्शियमनं कुणी मरत नाही. नंतर बघू काय ते. तू नुसती पुडी दे आणि गप्प बस. गप्प बसायला तरी येत होतं ना तुला?'

ते शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर काय झालं असतं कोण जाणे. कदाचित तिनं पुडी दिलीही असती आणि मग जन्मभर जिवाला लावून घेतलं असतं. पण तो बोलला. मधुमतीनं पुडी उचलली. कपाटातून आपलं तपकिरी कागदाचं पुडकंही उचललं. रत्नाकरनं तिचा हात धरायला बघितलं, पण बाहेर वीस बायका होत्या आणि त्याला आवाज करायचा नव्हता.

दिवाणखान्याच्या दारात ती उभी राहिली तेव्हा सगळ्यांनी वर बघितलं. वीस तोंडं. कानशिलं तापली, हातातली पुडी थरथरायला लागली. गोळी सुरू होऊन आठ महिने झाले होते, तरी थरथरली. लपवायची म्हणून तिनं हात पाठीमागे नेला नाही.

'ताई, या कॅल्शियमच्या आहेत,' ती म्हणाली. 'यांनी तुम्हाला द्यायला सांगितल्या. घेऊ नका.'

अनुराधाताईंना काही कळेना. 'कॅल्शियमच्या कशाला? मला थायरॉइडच्या हव्यात.'

'माझ्याकडे थायरॉइडच्या नाहीत. मला थायरॉइड नाही.' तिनं पुडक्याची चिकटपट्टी सगळ्यांसमोर ओढून काढली आणि आतलं पाकीट वर धरलं. 'या भीतीच्या गोळ्या आहेत. मला माणसांची भीती वाटते. तुमची सगळ्यांची. लहानपणापासून वाटते. हा आजार आहे, त्याला डॉक्टर आहे, आणि मी ही गोळी आठ महिने घेतेय.'

मग मागच्या रांगेतून हळूच एक आवाज आला, 'म्हणजे वेडाची गोळी?'

'वेडाची नाही,' मधुमती म्हणाली, 'आणि असती तरी घेतली असती. इथं बसलेल्या निम्म्याजणी रक्तदाबाची घेतात, त्यांना मी कधी विचारलं नाही की तुमचं रक्त वेडं झालंय का. मी न्हाणीघरात कडी लावून बसायची तेव्हा तुम्ही म्हणायचात, किती लाजते. मी आत ओकत असायची. एकीनं तरी दार वाजवलं होतं का?'

दार खरंच कुणी वाजवलं नव्हतं. अनुराधाताईंचा चेहरा लाल झाला होता. तो राग मधुमतीवरचा असेल असं सगळ्यांना वाटलं. त्या उठल्या, पुडी हातात घेतली, उघडून बघितली, आणि आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाल्या, 'रत्नाकरभाऊ, महिनाभर मी हे खाणार होते का? तुमच्या अब्रूसाठी?'

आत पलंग तेवढा करकरला.

ताई परत खाली बसल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून कृष्णाबाई म्हणाल्या, 'गोळी कसली का असेना, हिचं नाव घ्यायचं राहिलंय. यजमानीण आहे ना ही?'

बायकांना सुटल्यासारखं झालं. दोघीतिघी हसल्या. 'राहू द्या आजी,' एक म्हणाली, 'तिला जमत नाही म्हणतेय ती.'

'जमत नव्हतं,' मधुमती म्हणाली. 'घेते.'

तिनं पाकीट तसंच हातात ठेवलं, पदर सारखा केला. तिच्या मनात दहा वर्षं न घेतलेली नावं साठलेली होती, सगळी घोकून पाठ. त्यातलं एकही तिनं घेतलं नाही. जे त्या क्षणी आलं ते घेतलं, आणि आवाज थोडा फाटला तरी थांबली नाही.

'दहा वर्षं दाराआड होते, कुणी पुसलं नाही,
रत्नाकररावांचं नाव घेते, पण गोळी सोडणार नाही.'

कृष्णाबाईंनी जोरात मांडीवर थाप मारली. मग टाळ्या आल्या. सगळ्यांच्या नाही, पण आल्या. काहीजणींनी तिळगूळ तोंडात न टाकता रुमालात बांधला आणि लवकर उठल्या. त्या बाहेर पडल्यावर संध्याकाळपर्यंत ही बातमी दम्मामपर्यंत पोचणार हे मधुमतीला माहीत होतं. तिनं त्यांनाही कुंकू लावलं, डबा दिला. अनुराधाताई जाताना म्हणाल्या, 'मी उद्या इथलीच गोळी घेऊन बघते. आणि पुढच्या वेळी कडी लावलीस तर मी दार फोडीन.' त्यांच्या परीनं ती माफीच होती.

बायका गेल्या तेव्हा अजून दिवस मावळला नव्हता. रत्नाकर बाहेर आला आणि सोफ्याच्या कडेवर बसला. लेक कोपऱ्यात डबे मोजत होती. तिच्यासमोर त्याला ओरडता येईना.

'मी सांगितलं होतं,' तो म्हणाला. 'फुटलं तर बंद. मोहनला आजच कळवतो. आणि क्लिनिकला मी नेणार नाही, कितीही मागे लागलीस तरी. माझ्या गाडीशिवाय जाणार कशी तू?'

हा प्रश्न त्यानं खात्रीनं विचारला होता. दहा वर्षं त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मधुमती भिंतीशी गेली आणि टेबलावरचा फोन तिनं उचलला. या आठवड्याचा फोन अजून बाकीच होता. नंबर तिला पाठ होता.

पलीकडे स्वागताला बसणारी रईसा होती, हैदराबादची. 'पॉलिक्लिनिक, बोलिए.'

'डॉक्टर नूरुन्निसा की अपॉइंटमेंट चाहिए. शनिवार सुबह. मधुमती नाम है, पुरानी फाइल है.'

'जी. साथ में कौन आएँगे?'

'कोई नहीं. टैक्सी से आऊँगी.'

रत्नाकर उभा राहिला. लेकीनं डबे मोजायचे थांबवले आणि आईकडे बघायला लागली.

'तकलीफ़ क्या लिखूँ?' रईसानं विचारलं.

मधुमतीनं फोन या हातातून त्या हातात घेतला. मग ती नवऱ्याकडे बघत सावकाश बोलली, 'जो फाइल में पहले लिखा है, वही. लोगों से डर. और इन्शुरन्सवाले फॉर्म पर भी वही लिखिए, पूरा.'

तिनं फोन ठेवला, शनिवारची वेळ कॅलेंडरवर लिहिली आणि टॅक्सीवाल्याचा नंबर शोधायला लागली.